बेचाळीस खोल्या पुन्हा चालू करताना: इंदूरच्या एका हॉटेलच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२१, सोमवार

छोटी ग्वालटोली, सरवटे बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चार मजले, ४२ खोल्या: पहिल्या-दुसऱ्यावर दहा-दहा, तिसऱ्या-चौथ्यावर अकरा-अकरा. तळमजल्यावर रेस्टॉरंट, मागे छोटा हॉल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिलपासून सगळं बंद.

आज फक्त पाहणी. मालकांचा पहिला प्रश्न होता, गिऱ्हाईक कधी येणार. त्याआधीचा प्रश्न, ते आलं तर नळातून त्याच्या अंगावर काय पडणार? बंद हॉटेल दोन जागी कुजतं, पाइपात आणि खातेवहीत. रंग, पडदे, दारावरच्या नव्या पाट्या या कामांना या महिन्यात एक रुपयाही मिळणार नाही.

कामाचा क्रम असा: पाणी, हवा, हिशोब, माणसं, मग पाहुणे. आधीचं काम मोजून पुरं झाल्याशिवाय पुढचा मजला उघडायचा नाही.

किरकोळ: जनरेटरची बॅटरी उतरली आहे, डिझेल टाकीच्या तळाशी पाणी आहे. तळ काढून फिल्टर बदलायचा आणि निदान तीस टक्के लोडवर अर्धा तास चालवायचा. नुसता रिकामा फिरवून बंद केला तर काजळी धरतो. लिफ्टच्या बचाव यंत्रणेची बॅटरीही गेली आहे. अग्निशामक नळकांड्यांपैकी चारांचा काटा हिरव्या पट्ट्याबाहेर.

१६ जून

पाणी. साठलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. २५ ते ४५ अंश त्याला मानवतं आणि इंदूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी नेमकी तिथेच असते. तो पोटातून नव्हे, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. पाहुण्याला आठवड्याभरानं घरी ताप आला, तर तो कोरोनाच समजणार आणि हॉटेलचं नाव घेणार.

गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या. दोन्ही रिकाम्या करून गाळ काढला, भिंती घासल्या, पुन्हा भरल्या. धक्का मात्रा: लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन. १०,००० लिटरला ५०० ग्रॅम क्लोरीन लागतं. ब्लीचिंग पावडरच्या पोत्यावर ३३ टक्के लिहिलेलं असतं, पण सियागंजच्या बाजारातून येऊन गोदामात पडून राहिलेली पावडर २५ टक्केच धरावी. म्हणजे २ किलो.

पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत लेई करायची, पाणी घालून ढवळायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच टाकीत घालायचं. तो चुना पाइपात गेला की शॉवरच्या जाळ्या बुजतात आणि दोष पाण्याच्या कठीणपणावर जातो. मग प्रत्येक मजल्यावरचा शेवटचा नळ आधी उघडायचा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, बंद करायचा. हॅण्डशॉवर, बेसिन, फ्लश टाकी, गरम-थंड दोन्ही बाजू, एकही तोंड राहता कामा नये. सगळं भरल्यावर तासभर तसंच. त्या वेळात कुणी नळ वापरू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर माणूस उभा.

नंतर सगळं काढून ताज्या पाण्यानं धुवायचं, क्लोरीन मोजणाऱ्या क्लोरोस्कोपवर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसेपर्यंत. काढलेलं पाणी सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत सोडलं तर तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत मागच्या गल्लीत वास सुटतो. सोडण्याआधी सोडियम थायोसल्फेटनं क्लोरीन मारून घ्यावं.

शॉवरची तोंडं आधीच काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवली होती. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हेच जिवाणूचं घर असतं, थरासकट त्यावर क्लोरीन ओतून काही साधत नाही. पाइप धुताना शॉवर बसवलेले नकोत. नळ सोडला की माणसानं बाथरूमबाहेर यायचं, एन-९५ मास्क लावूनच.

सोलरची टाकी ६० अंशांपर्यंत चढते का ते पाहिलं. खोलीतल्या नळाला मिनिटभरात ५० अंश मिळायला हवेत. चौथ्या मजल्याच्या टोकाला ते मिळत नाहीत, तिथल्या पाइपावरचं आवरण फाटलं आहे.

१९ जून

नहाणी ट्रॅप. बाथरूमच्या जाळीखाली सुमारे ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि तेच ड्रेनेजची हवा अडवतं. खोली बंद राहिली की ते आटतं. मग वास आणि झुरळं येतात, पण प्रश्न तेवढाच नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त लोकांना झाली, आणि तपासात आटलेले ट्रॅप आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे हे त्याचं एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. पंखा खोलीतली हवा ओढतो आणि ट्रॅप कोरडा असेल तर तिच्या जागी ड्रेनेजमधली हवा येते.

उपाय फुकटचा आहे. प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी. बंद राहणाऱ्या खोल्यांत वरून चमचाभर खाद्यतेल, म्हणजे बाष्पीभवन मंदावतं. बेसिन, बाथरूम आणि बाल्कनी असे एका खोलीत तीन ट्रॅप निघतात. बाल्कनीचा हमखास विसरला जातो.

आता हवा. खोल्यांत स्प्लिट एसी आहेत. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेत २४ ते ३० अंश आणि ४० ते ७० टक्के आर्द्रता दिली आहे. ते रिमोटवर जमतं, ताजी हवा मात्र एक्झॉस्टनंच मिळणार. त्याचा हिशोब: १२ बाय १४ फुटांची खोली, उंची साडेनऊ, म्हणजे सुमारे ४५ घनमीटर. पंख्यावर २०० लिहिलं असलं तरी डक्टमध्ये तासाला १५० घनमीटरच धरावेत. तासाला सव्वातीन वेळा हवा बदलते. हवेतले ९९ टक्के कण जायला त्या हिशोबानं सुमारे ८५ मिनिटं. खिडकी उघडली तर त्याहून लवकर.

म्हणून नियम: चेकआऊट झालं की पंखा चालू, खिडकी उघडी, दार बंद, दोन तास आत कुणी जायचं नाही. खोली चोवीस तास रिकामी ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, इथे ती घेतलेली नाही. त्या पद्धतीची भीती पृष्ठभागाची आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाच्या स्पर्शातून लागण होण्याचा धोका दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं सांगितलं. रोज धूर सोडणाऱ्या यंत्रावर आणि निळ्या (अतिनील) दिव्यावर जाणारा पैसा एक्झॉस्टवर लागला तर उपयोग होईल.

उदबत्तीची चाचणी: एका खोलीचा पंखा चालू ठेवून शेजारच्या बंद पंख्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला तर ठीक, खोलीत ढकलला गेला तर एका पाहुण्याची हवा दुसऱ्याच्या बाथरूममध्ये जाते. दहा खोल्यांच्या सामाईक शाफ्टमध्ये (हवा वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत) सहा ठिकाणी धूर उलटा आला. पंख्यामागे आपोआप मिटणारी झडप बसवायची. दाराखाली १० ते १२ मिलिमीटर फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो, हवा येणार कुठून?

एसीच्या ड्रेन पाइपात कुंभारीण माशीनं मातीची घरं केली आहेत. तारेनं काढून पाणी सोडून बघायचं, नाहीतर पहिल्याच रात्री पाहुण्याच्या उशाशी थेंब पडतो.

२३ जून

हिशोबाचा दिवस. खालचे आकडे समोरच्या कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या महिन्यात भावाबद्दल रोज वाद होणार.

सगळे चार मजले चालवले तर महिन्याचा स्थिर खर्च ७.८ लाख. फक्त पहिला आणि दुसरा मजला, म्हणजे २० खोल्या चालवल्या तर ५.२ लाख. खोलीचा भाव १,९००. निम्म्या रात्री (एक खोली एका रात्रीसाठी विकली की एक रात्र) ऑनलाइन कंपन्यांकडून येतात, त्यांचं कमिशन २० टक्के, म्हणून हातात सरासरी १,७१०. एका भरलेल्या खोलीमागे धुलाई, साबण, वीज, नाश्ता धरून ४१०. उरले १,३००.

दोन मजल्यांवर ५.२ लाख भरून काढायला महिन्याला ४०० रात्री, म्हणजे रोज तेरा-चौदा खोल्या. चार मजल्यांवर ६०० रात्री, रोज वीस. आजच्या चौकशा बघता रोज बारा खोल्या भरतील असं धरलं, तर दोन मजल्यांवर महिन्याचा तोटा ५२ हजार आणि चार मजल्यांवर ३ लाख १२ हजार. पाहुणे तेवढेच.

आता भाव पाडायचा आग्रह. १,४०० केला तर कमिशन जाऊन १,२६०, खर्च जाऊन ८५०. ५.२ लाखांना ६१२ रात्री लागतात. २० खोल्या तीसही दिवस भरल्या तरी होतात ६००. म्हणजे रोज ‘हाऊसफुल’ची पाटी लावूनही तोटाच! भाव पाडून गर्दी दिसते, आणि ती दिसते म्हणूनच हॉटेलवाले फसतात. खोल्या कमी करायच्या, भाव नाही. शिवाय पाडलेला भाव ऑनलाइन यादीत एकदा दिसला की तो वर नेणं महिनोन्महिने जमत नाही.

विजेचा वापर शून्य असला तरी कॉन्ट्रॅक्ट डिमांडवरचा, म्हणजे करारात ठरलेल्या कमाल भारावरचा, स्थिर आकार लागतोच. मागणी कमी करण्याचा अर्ज करता येतो, पण फार खाली नेऊ नये. लग्नसराईत हॉलचे एसी लागले की भार ओलांडतो, दंडाचा दर बसतो, आणि पुन्हा वाढवून घ्यायला वेळ जातो.

लग्नांच्या जुन्या आगाऊ रकमा हे उत्पन्न नाही, देणं आहे. वेगळी यादी: परत हवेत, पुढची तारीख हवी, अजून ठरलं नाही. आगाऊ रकमेवर जीएसटी भरलेला असतो, पैसे परत करताना रिफंड व्हाउचर काढलंच पाहिजे, नाहीतर कर खिशातून जातो.

२९ जून

महाकाल मंदिर कालपासून भाविकांसाठी उघडलं. लशीचं प्रमाणपत्र किंवा निगेटिव्ह अहवाल आणि आधी घेतलेली वेळ लागते. फोन वाढले. उज्जैन ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर ऐंशीच्या आत, दोन ज्योतिर्लिंगांच्या मधे इंदूर. जळगाव, धुळे, नाशिकची कुटुंबं आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधव्यावरून स्वतःच्या गाडीनं येतात. या वर्षी धंदा त्यांच्यावर उभा राहील. पीथमपूरच्या कंपन्यांची माणसं आधी सोमवार ते गुरुवार खोल्या भरत, त्यांच्या बैठका आता फोनवरच होतात.

रिसेप्शनवरचं बोलणं बदललं. पूर्वी ‘रूम अव्हेलेबल आहे’ एवढ्यावर फोन संपायचा. आता: ‘नमस्कार काका, किती जण आहात? दर्शनाची वेळ घेतलीत का? प्रमाणपत्र मोबाइलमध्ये असू द्या, आणि आजींना जिना नको असेल तर पहिल्या मजल्यावरची खोली देतो.’ दर्शनाची वेळ न घेता निघालेलं कुटुंब उज्जैनहून परत फिरतं आणि राग हॉटेलवर निघतो.

थेट फोनवर नोंदणी करणाऱ्याला भाव तोच, नाश्ता मोफत. ऑनलाइन कंपन्यांच्या करारात त्यांच्याहून स्वस्त भाव जाहीर न करण्याची अट असते, पोहे-जलेबीबद्दल सहसा काही नसतं. दोघांचा नाश्ता साठ-सत्तर रुपयांत पडतो, वाचलेलं कमिशन ३८० रुपये.

५ जुलै

हाऊसकीपिंग. एका माणसाकडून दिवसाला चौदा खोल्या व्हायच्या, आता दहा धराव्यात. क्रम: मास्क घालून आत, चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत पिशवीत. मग वरून खाली, स्वच्छाकडून घाणेरड्याकडे, बाथरूम शेवटी. लाल फडकं फक्त कमोडला.

सोडियम हायपोक्लोराइट बाजारात दहा टक्क्यांचं मिळतं. एक भाग त्यात नऊ भाग पाणी, झालं एक टक्का. रोज सकाळी तेवढंच करायचं, आदल्या दिवशीचं फेकायचं, उन्हात तर ते दुपारपर्यंतच उतरतं. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहायला हवं, मग स्टीलचे नळ साध्या पाण्यानं पुसायचे, नाहीतर महिन्याभरात काळे ठिपके पडतात. रिमोट, लिफ्टची बटणं, चाव्या यांना ७० टक्के अल्कोहोल फडक्यावर घेऊन. फवारा नको, आत जाऊन बटण मरतं.

लाल अक्षरात भिंतीवर: हायपोक्लोराइट आणि टाइल्सचं ॲसिड एकत्र नाही. इथल्या पाण्याचे पांढरे डाग घालवायला सगळे ॲसिड वापरतात. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये माणूस कोसळायला वेळ लागत नाही. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवल्या आहेत.

पाहुण्यांचे मास्क वेगळ्या कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून, मग सुक्या कचऱ्यात. कापल्याशिवाय दिले तर ते धुऊन पुन्हा विकले जाण्याची शक्यता राहते. महापालिकेच्या गाडीत कुठला कचरा कुठल्या कप्प्यात हे इंदूरकराला सांगायला नको.

१४ जुलै

बँक. मार्चअखेर जाहीर झालेल्या, केंद्राच्या कर्ज हमी योजनेच्या तिसऱ्या भागात हॉटेलं आली. २९ फेब्रुवारी २०२० ला शिल्लक असलेल्या कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, मुदत सहा वर्षं, पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. त्या तारखेला हप्ता साठ दिवसांहून जास्त थकलेला नसावा. पहिल्या भागात २० टक्के घेतलं असेल तर ते यातून वजा होतं.

उदाहरण: शिल्लक कर्ज ६० लाख, हक्क २४ लाखांचा. सवलत मुद्दलाला आहे, व्याजाला नाही. ९.२५ टक्क्यांनी महिन्याला १८,५०० पहिल्या महिन्यापासून. तिसऱ्या वर्षापासून मुद्दलाचे ५०,००० महिना, वर व्याज. तो हप्ता भरायला १,३०० उरणाऱ्या एकोणचाळीस रात्री जास्तीच्या विकाव्या लागतील, व्याज सोडून. म्हणून हक्क आहे म्हणून सगळं उचलू नये. झडपा, पाइपाचं आवरण, पगाराचे तीन महिने आणि पुरवठादारांची जुनी देणी एवढंच. लॉबीचं सुशोभीकरण या पैशातून नाही.

२२ जुलै

श्रावणाचे भाव. इथे महाराष्ट्रातल्या साखळी हॉटेलांचे व्यवस्थापक हमखास चुकतात. उत्तरेकडचा श्रावण पौर्णिमेनंतर, या वर्षी २५ जुलैला सुरू होतो. मराठी श्रावण ९ ऑगस्टला. महाकालाची सवारी शिंद्यांच्या काळापासून दोन्ही धरून निघते, शेवटची शाही सवारी ६ सप्टेंबरला. म्हणजे मागणीचे सोमवार पाच नव्हेत, सात: २६ जुलै, २, ९, १६, २३, ३० ऑगस्ट, ६ सप्टेंबर. पहिले दोन स्थानिक गर्दीचे, ती माणसं रात्री राहत नाहीत. ९ ऑगस्टपासून महाराष्ट्रातली कुटुंबं, ती रविवारी रात्र काढतात.

रविवारचा भाव २,२००, तोही फक्त पाच रविवार. बाकी दिवस १,९०० कायम. रद्द करणाऱ्याला चोवीस तास आधीपर्यंत पूर्ण पैसे परत. आजारपणाच्या काळात ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलं की थेट फोन थांबतात.

१० ऑगस्ट

स्वयंपाकघर, थोडक्यात. मेनूतले शंभरावर पदार्थ चाळीसवर आणले. ज्या भाजीचे दोनच पदार्थ होतात ती चोइथराम मंडईतून आणायची नाही. तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हापुन्हा तापवलं की हे वाढतात) कायदेशीर मर्यादा २५ टक्के आहे, मोजपट्टीनं रोज बघायचं. गॅसच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. चुलीवरच्या धूर ओढणाऱ्या हुडमधली चरबी बंद काळात दगडासारखी झाली होती, कॉस्टिक सोड्यानंच निघाली.

चादरींचे खोलीमागे तीन संच पुरत नाहीत, चार लागतात, कारण एक संच सतत पिशवीत असतो. धुलाईवाल्याकडे ७१ अंशांवर पंचवीस मिनिटं होतात का ते एकदा जाऊन थर्मामीटरनं बघितलेलं बरं.

२४ ऑगस्ट

ताप असलेला पाहुणा आला तर काय, याची तालीम. कपाळाचा थर्मामीटर उन्हातून आलेल्या माणसाला जास्त दाखवतो आणि एसीसमोर बसलेल्याला कमी. पाच मिनिटं सावलीत बसवून मग मोजायचं. ताप नाही म्हणजे लागण नाही असंही नव्हे, म्हणून प्रत्येकाला मास्क.

पहिल्या मजल्यावरची टोकाची खोली राखीव: स्वतंत्र एक्झॉस्ट, थेट खिडकी, सामाईक शाफ्टला जोड नाही. आत ऑक्सिमीटर. ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर वाट न बघता दवाखाना. १०७५ हा कोरोना मदत क्रमांक टेलिफोनवर चिकटवला आहे. जेवण दाराबाहेर स्टुलावर. कुटुंबातली बाकीची माणसं दुसऱ्या खोलीत, तिचं भाडं लावायचं नाही. ही रक्कम वर्षाच्या हिशोबात नगण्य आहे, पण लावली तर पाहुणे ताप लपवतात.

१३ सप्टेंबर

२१ जूनला अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्राची लस मोफत झाली, त्याच दिवशी इथल्या बहुतेकांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला होता. दुसऱ्या डोसाआधीचे ८४ दिवस आज भरले. एकाच दिवशी सगळ्यांना पाठवलं तर दुसऱ्या दिवशी अंगदुखीनं पाळी मोकळी पडते. म्हणून एका पाळीतले तिघे, दोन दिवसांचं अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशीचा पगार कापायचा नाही. दोन गट केलेत, ते एकत्र जेवत नाहीत, त्यामुळे एक गट घरी बसला तरी मजला चालतो.

गावी गेलेल्यांपैकी जे परतले नाहीत त्यांच्या जागा भरलेल्या नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलीला रात्रीचा हिशोब, वेटरला खोलीसेवा, इलेक्ट्रिशियनला प्लंबिंगची प्राथमिक कामं. जास्तीचं काम शिकणाऱ्याला महिन्याला जास्तीची रक्कम. नुसतं ‘सगळ्यांनी सगळं करावं’ म्हटलं तर कुणीच काही करत नाही.

४ ऑक्टोबर

नवरात्र गुरुवारपासून. तिसरा मजला उघडण्याची अट आधीच ठरली होती: सलग दोन आठवडे २० पैकी १८ खोल्या भरलेल्या आणि पाहुणे परत पाठवावे लागलेले. ती पुरी झाली. एकतीस खोल्यांवर स्थिर खर्च ६.५ लाख, म्हणजे ५०० रात्री, रोज सतरा. चौथा मजला बंदच.

बंद मजल्याची आठवड्याची यादी, दर मंगळवारी: गरम-थंड प्रत्येक नळ पाच मिनिटं, फ्लश दोनदा, तिन्ही ट्रॅपमध्ये पाणी, एक्झॉस्ट तासभर, क्लोरीनचा आकडा वहीत. सही करणाऱ्यानं शेवटच्या खोलीतल्या नळाचं तापमानही लिहायचं. ते लिहिलेलं नसेल तर तो चौथ्या मजल्याच्या टोकापर्यंत गेलेला नाही.

हॉलसाठी कार्बन डायऑक्साइड मीटर. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास, लोक जमल्यावर ८००पर्यंत चालेल, १,००० ला दारं उघडायची. हॉलच्या ताज्या हवेची झडप कुणीतरी वीज वाचवायला पूर्ण बंद करून वर टेप लावली होती. टेप काढली, दांडा अर्ध्यावर तारेनं बांधला. लग्नाचे फोन देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतरच्या तारखांसाठी येत आहेत. माणसं किती बसवायची हे खुर्च्यांवरून नाही, मीटरवरून ठरवायचं. पन्नास माणसांना तासभर बसवून आकडा घेतल्याशिवाय कुणाकडून आगाऊ रक्कम घेऊ नये.